फवारणीच्या कामाचा अभ्यास : छायाचित्र एक संशोधन साधन

२०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना अनेक शेतकरी व शेतमजुरांना विषबाधा झाली. काहींना प्राण गमवावे लागले. अशा धोक्यांचा अभ्यास सहसा प्रश्नावलीद्वारे केला जातो. ‘हातमोजे वापरता का?’ या प्रश्नाला ‘होय’ असे उत्तर मिळाले, तरी ते कोणत्या क्षणी व कशामुळे काढले जातात, हे त्यातून कळत नाही. ही उणीव छायाचित्र भरून काढू शकते.

छायाचित्रे दाखवून मुलाखत घेण्याच्या पद्धतीविषयी अमेरिकी संशोधक जॉन कॉलियर यांनी १९५७ मध्ये लेखन केले. १९९० च्या दशकात कॅरोलिन वँग व मेरी ॲन बरिस यांनी चीनच्या युन्नान प्रांतात कॅमेरा थेट ग्रामीण महिलांच्या हाती दिला. मक्याच्या शेतात निंदणी करणारी स्त्री आणि एकटे पडलेले तिचे तान्हे मूल, अशा एका छायाचित्रामुळे बालसंगोपनाचा प्रश्न चर्चेत आला. ही पद्धत ‘फोटोव्हॉइस’ म्हणून ओळखली जाते.

फवारणीच्या दिवसाची विभागणी कीटकनाशक मोजणे, द्रावण ढवळणे, पंप भरणे, तुंबलेले नोझल साफ करणे, हात धुणे, जेवण व कपडे धुणे अशा टप्प्यांत करता येते. पाणी मिसळण्यापूर्वीचे कीटकनाशक तीव्र असल्याने पहिल्या टप्प्यांकडे विशेष लक्ष द्यावे. छायाचित्र घरातील प्रौढ व्यक्तीने किंवा सहकाऱ्याने, वाऱ्याची दिशा पाहून सुरक्षित अंतरावरून घ्यावे. फवारणाऱ्याने दूषित हातांनी मोबाइल हाताळू नये.

छायाचित्र हा अभ्यासाचा आरंभ होय. खरी माहिती त्यावरील संवादातून मिळते. येथे काय दिसते, असे का घडते आणि काय बदलता येईल, हे काम करणाऱ्यालाच विचारावे. मोजे घामामुळे काढले असतील तर फवारणीची वेळ बदलावी लागेल. ते सैल असल्याने बाटलीचे झाकण उघडत नसेल, तर योग्य मापाचे मोजे द्यावे लागतील. कारण समजल्याशिवाय दिलेला सल्ला वाया जातो.

छायाचित्रापूर्वी संमती घ्यावी, चेहरा शक्यतो टाळावा आणि त्याचा उपयोग दोषारोपासाठी करू नये. कोणी तोंडाने फुंकून नोझल साफ करताना दिसल्यास प्रथम त्याला थांबवावे. छायाचित्राचा विचार त्यानंतर करावा.