मूठभर भात, दीड बोट तवा

टेबलाच्या मधोमध तवा होता. काकांनी मेन्यूकडे न बघता आधी त्याच्या कडेला बोट आडवं लावून जाडी मापली. अजून पेटवलेला नव्हता म्हणून बरं. वेटर धावत आला, "सर, प्लीज!" काका शांतपणे म्हणाले, "दीड बोट भरंल. म्हशाच्या जत्रंत असला मिळायचा नाय."

माझ्या लेकीला मुंबईत नोकरी लागून वर्ष झालं, पहिला बोनस हातात आला आणि तिने ठरवलं की आजोबा-आजींना जपानी जेवण घालायचं. माझे हे काका-काकी म्हशाला राहतात. दोन एकर भाताचं खाचर, पूर्वी बैलजोडी, आता भाड्याचा पॉवर टिलर. सुशीचं नाव त्यांनी ऐकलेलं नव्हतं. "जपानात लोक भात खातात का?" एवढंच काकांनी विचारलं. खातात म्हटल्यावर तयार झाले. म्हसा ते मुरबाड, मुरबाड ते कल्याण एस.टी., पुढे लोकल, आणि परळच्या एका उंच इमारतीतलं हे थंडगार हॉटेल.

अशा हॉटेलात दोन वेगवेगळे कारभार एका छपराखाली चालतात, हे आधी कुणी सांगत नाही. एका बाजूला तेप्पानयाकी: ‘तेप्पान’ म्हणजे लोखंडाचा सपाट पत्रा आणि ‘याकी’ म्हणजे भाजलेलं. दुसऱ्या बाजूला सुशीचा ओटा, तिथे विस्तव जवळपास नाहीच. आपण दोन्हीला मिळून ‘जपानी’ म्हणतो खरं, पण दोघांच्या वयात हजारभर वर्षांचं अंतर आहे.

तव्याची गोष्ट तशी ताजी. १९४५ साली कोबे शहरात ‘मिसोनो’ नावाच्या हॉटेलाने गिऱ्हाइकासमोर तव्यावर मांस भाजून द्यायला सुरुवात केली, असं मानलं जातं. युद्ध संपून अमेरिकी सैनिक जपानात उतरले होते. त्यांना चवीपेक्षा समोरचा खेळ आवडला. मग हिरोआकी ऊर्फ रॉकी आओकी या माजी कुस्तीगिराने १९६४ साली न्यूयॉर्कमध्ये ‘बेनिहाना’ काढलं. कांद्याच्या चकत्यांचा मनोरा रचून त्यातून जाळ काढणं, उलथन्यावर अंडं नाचवणं, कोळंबीची शेपटी उडवून टोपीत झेलणं हे सगळं जगभर पोचलं ते तिथून. म्हणजे ही कला आमच्या काकांपेक्षा जेमतेम पाच वर्षांनी थोरली, आणि तिच्या अंगावरचे बरेचसे दागिने अमेरिकेत घडलेले.

आमच्यासमोरच्या पोराने तोच मनोरा रचला. कांद्याच्या पाच चकत्या, मोठीवर लहान, पोकळीत तेल, त्यावर कसलीशी बाटली उपडी केली आणि भपकन जाळ. शेजारच्या टेबलावर टाळ्या. काकांनी टाळी वाजवली नाही. त्यांची नजर नंतरच्या कामावर होती: त्याने पाण्याचा शिपका मारला, वाफ उठली, रुंद खरवडणीने एका दमात तवा निपटला आणि तेलाचं बोट फिरवलं. "हात बसलाय पोराचा," काका म्हणाले. मलाही हीच खरी करामत वाटते.

जाडीचं कारण काकीला समजावून सांगावं लागलं नाही. पातळ तव्यावर भाकरी टाकली की तवा निवतो, भाकरी चिवट होते आणि मग एकदम करपते, हे तिने जन्मभर पाहिलंय. कोळंबीचंही तसंच. थंड, ओली कोळंबी पातळ पत्र्यावर पडली की पत्रा गार होतो, कोळंबीला पाणी सुटतं आणि ती भाजायच्या ऐवजी उकडते. खरपूस तांबूस रंग आणि तो वास यायचा तर वरचं पाणी उडून पृष्ठभाग साधारण १४० अंशांच्या पुढे जावा लागतो. जाड लोखंडाच्या पोटात उष्णता साठलेली असते, ते खचत नाही. शिवाय आच मधे असते, कडा कोमट. पोरगा कोळंबी मधे भाजून कडेला सरकवत होता. तिथे ती शिजत नाही, नुसती गरम राहते. पावभाजीवाला भाजीचा ढीग कडेला लावून ठेवतो, तेच हे गणित.

काकांचा जीव मात्र बैलात अडकलेला. पौष पौर्णिमेला म्हसोबाची जत्रा भरते, तेव्हाचा बैलबाजार त्यांनी वयाच्या सहाव्या वर्षापासून चुकवलेला नाही. मेन्यूवरचं ‘वाग्यू’ म्हणजे काय, असं त्यांनी विचारलं आणि मी जरा अवघडलो. जपानी गुरं, खाण्यासाठी प्रसिद्ध, असं सांगितलं. पण त्यापुढची हकिकत त्यांच्याच कामाची होती. कोबेच्या नावाने जगभर मिरवणारी ती जनावरं ताजिमा वंशाची, आणि हा वंश मूळचा डोंगरउतारावरच्या भातखाचरात औत ओढणारा. जपानात सातव्या शतकात, इ.स. ६७५ मध्ये, सम्राट तेन्मूने शेतीच्या हंगामात गुरांचं मांस खायला बंदी घातली. कारणात धर्म होता तसं औतही होतं. पुढे गोमांस वर्ज्य मानायची रीत पडली ती थेट १८७२ मध्ये सम्राट मेइजीने ते खाल्ल्याचं जाहीर होईपर्यंत. काका ऐकत राहिले. "म्हंजे औताचा बैलच तो," म्हणाले, आणि मेन्यू मिटवला. महाराष्ट्रात २०१५ पासून गोवंशहत्येची बंदी बैलांनाही लागू झाली आहे. त्यामुळे मुंबईतल्या तव्यावर तुम्हाला मुख्यतः कोळंबी, कोंबडी, मासा, तोफू आणि भाज्याच दिसतील.

काकी माळकरी. तिच्यासाठी दोन प्रश्न आधीच विचारून ठेवायला हवे होते. मी विसरलो, तुम्ही विसरू नका. एक, तवा तोच असतो. कितीही निपटला तरी कोळंबीच्या जागेवरच भोपळी मिरची येते. सांगितलं तर वेगळ्या पातेल्यात करून देतात, पण सांगावं लागतं. दुसरा सापळा जास्त बेमालूम. मिसो सूप बघायला आपल्या वरणासारखं साधं. सोयाबीन आंबवून केलेली ती मिसो असतेही शाकाहारी. पण खालचं पाणी ‘दाशी’ असतं. कुप्याच्या जातीचा मासा उकडून, धुरी देऊन, लाकडासारखा टणक होईपर्यंत वाळवतात, त्याचे किसून पापुद्रे काढतात आणि ते गरम पाण्यात घालून गाळून घेतात. मासा ताटात दिसतच नाही, पाण्यात असतो. मेन्यूवर हिरवा ठिपका आहे की नाही एवढ्यावर न थांबता ‘दाशी कशाची?’ असं विचारावं. नुसत्या समुद्री वनस्पतीची दाशीही करता येते.

समुद्री वनस्पतीवरूनच एक गोंधळ झाला. काकडीचा रोल आला, त्याला ते काळसर कागदासारखं गुंडाळलेलं. "आजी, ते शेवाळ आहे, समुद्रातलं," लेक म्हणाली.

"शेवळं?" काकीचा चेहरा उजळला. "आता या दिसांत शेवळं कुठली?"

मुरबाड-शहापूरकडे पहिला पाऊस पडला की रानात शेवळं ही भाजी येते. काकडाची फळं घालून शिजवली नाहीत तर घसा खाजवतो. ती ही नव्हेत, हे समजल्यावर ती थोडी हिरमुसली. पण एक तुकडा तोडून वास घेतला, "पाल्यासारखाच हाय," म्हणाली आणि खाल्ला. वासाबीला हिरवी चटणी समजून तोंड पोळल्याचा किस्सा अशा प्रत्येक लेखात असतो. आमच्याकडे तो घडला नाही, काकांनी नुसतं हुंगून बाजूला ठेवलं. बहुतेक ठिकाणी ते खरं वासाबी नसतंच. खरं मूळ थंड वाहत्या पाण्यात वाढतं आणि फार महाग पडतं, म्हणून हॉर्सरॅडिशच्या मुळाची पूड, मोहरी आणि हिरवा रंग यांवर भागवतात.

आता सुशी. ‘सुशी म्हणजे कच्चा मासा’ हे आपल्या डोक्यात इतकं घट्ट बसलंय की मुद्दाम उलटं सांगावं लागतं: सुशी म्हणजे आंबट केलेला भात. वर मासा असेल, अंडं असेल, काकडी असेल, भात तेवढा चुकत नाही.

हा भात आधी खायचा नव्हताच. आग्नेय आशियातल्या भातखाचरांच्या प्रदेशात ही रीत सुरू झाली असावी, असं अभ्यासक मानतात. पावसात खाचरात मासे चढतात. आपल्याकडच्या चढणीच्या माशांसारखेच ते, चार दिवस भरपूर आणि मग वर्षभर नाहीत. आपण ते चुलीवर धुरावून वाळवतो. तिथल्या लोकांनी मीठ लावून शिजलेल्या भातात दाबून ठेवले. भात आंबतो, त्या आंबटपणात मासा नासत नाही. काही महिन्यांनी मासा खायचा, लगदा झालेला भात फेकायचा. जपानात बिवा सरोवराकाठी ‘फुनाझुशी’ अजून अशीच करतात. वास असा की आपली सुकटही लाजेल. पुढे लोकांना थांबायचा कंटाळा आला. आंबवण्याऐवजी भाताला व्हिनेगर लावलं, आणि १८२० च्या दशकात एदो, म्हणजे आजचं टोकियो, तिथे हानाया योहेई याने हाताने मूठ दाबून वर मासा ठेवलेली सुशी विकून नाव कमावलं. एदोत ती गाड्यावर, उभ्याने, हातानेच खायची. आजच्या दुप्पट-तिप्पट मोठा घास असे. थोडक्यात, वडापावच.

म्हणून काड्या नीट धरता येत नाहीत याची लाज बाळगू नये. मूठ करून वळलेली सुशी हाताने खाणं तिथेही रीतीला धरूनच आहे. काकांना वेटरने काटा-चमचा आणून दिला, तो त्यांनी परत केला. बोटांनी उचलली, सोया सॉसमध्ये बुडवायला गेले आणि भात फुटून वाटीत पडला. इथे युक्ती आहे: घास आडवा करून माशाची बाजू टेकवायची. भाताची नव्हे. आल्याच्या गुलाबी चकत्या दोन घासांच्या मधे तोंड धुवायला असतात, लोणच्यासारख्या तोंडी लावायला नाहीत.

कच्च्या माशाचं भय मात्र खोटं नाही. समुद्री माशांत अळ्या असू शकतात, म्हणून कच्चा खायचा मासा उणे २० अंशांवर सात दिवस किंवा त्याहून कडक थंडीत काही तास गोठवतात. घरच्या फ्रीजला ते जमत नाही. गोड्या पाण्यातला मासा तर कच्चा खाऊच नये. बारवी धरणातला कितीही ताजा, फडफडता असला तरी कालवणातच. गंमत अशी की सुशी म्हटल्यावर डोळ्यांसमोर येणारा केशरी सामन जपानी लोक परंपरेने कच्चा खातच नव्हते, अळ्यांच्या भयानेच. १९८० च्या दशकात नॉर्वेने आपला पाळीव सामन खपवायला मोहीम काढली, तेव्हा तो सुशीवर चढला.

काकी भात चिवडत होती. एक शीत उचलून बोटांत दाबलं. "गोळा होतोय, पन शीत न् शीत वेगळं हाय."

यावर जपानात पोरं दहा-दहा वर्षं हात घासतात. भात कालवल्यासारखा नको आणि मोकळाही नको. आपला वाडा कोलम, ज्याला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि जुनी माणसं झिनी म्हणतात, तो मोकळा शिजतो, कारण त्याच्या पिठूळ द्रव्यात ॲमिलोज वीस टक्क्यांच्या वर असतं. कोशिहिकारीसारख्या जपानी तांदळात सतरा टक्क्यांच्या आसपास. ॲमिलोज कमी, चिकटा जास्त. शिजल्यावर तो लाकडी परातीत ओततात, व्हिनेगर-साखर-मीठ शिंपडून उलथन्याने कापल्यासारखा हलवतात, ठेचत नाहीत, आणि पंख्याने वारा घालतात. वाढताना तो अंगाइतका कोमट हवा. फ्रीजमधून काढलेली सुशी दगडासारखी लागते, कारण थंडीत भातातलं पिठूळ द्रव्य परत आवळून बसतं. आपला शिळा भात सकाळी टरटरतो तो याचमुळे. आपण त्याला फोडणी देतो. सुशीला तो मार्ग नाही.

आणि हो, तांदूळ धुतला कशाने? मुंबईच्या नळाने. या शहराचं जवळपास निम्मं पाणी शहापूरच्या भातसा धरणातून येतं, तानसाचं तर १८९२ पासून. त्याच शहापुरातले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. काकांनी पाण्याचा ग्लास उचलला तेव्हा हे माझ्या मनात आलं, बोललो नाही. लेकीचा दिवस होता.

बिल आलं ते तिने पालथं घातलं. काकांनी उलटून पाहिलं, काही न बोलता परत पालथं घातलं आणि तवेवाल्या पोराला खुणेने बोलावलं. पोरगा नेपाळच्या तराईतला निघाला, घरी त्याच्याही भातशेती. दोघांनी हिंदीत लावणीच्या गप्पा मारल्या. शेवटी काकांनी मागितला तो मूठभर कच्चा तांदूळ. पोराने कागदी नॅपकिनात बांधून आणून दिला.

पौष पौर्णिमेला मी म्हशाला गेलो तेव्हा ती पुडी काकांच्या चंचीत होती. बैलबाजारात एका ओळखीच्या व्यापाऱ्याच्या तळहातावर त्यांनी एका बाजूला तो दाणा ठेवला, दुसऱ्या बाजूला आपल्या खाचरातला कर्जत-३ वाणाचा. व्यापाऱ्याने आधी डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं, मग जपानी दाणा दाढेखाली धरला.

"जुना हाय," तो म्हणाला. "वरसाचा तरी."

सुशीवाले मुरलेला तांदूळ मुद्दाम घेतात, नव्याला व्हिनेगर धरत नाही म्हणून. हे मी पुस्तकात वाचलं होतं. त्याने दात लावून सांगितलं, दाणा थुंकला आणि पुढच्या बैलाचं तोंड उघडून त्याचे दात बघू लागला.