अपघातग्रस्त जवानाची अपंगत्व पेन्शन नाकारली गेल्यास काय करावे?

पांढुर्णा आणि सौंसर भागातील अनेक घरांतील मुले सैन्यात आहेत. सेवेत असताना गाडीचा अपघात होतो, कायमचे अपंगत्व येते आणि निवृत्तीनंतर पेन्शनचा दावा नाकारल्याचे पत्र घरी येते. ते पत्र इंग्रजीत असते. ‘अपंगत्व सेवेमुळे आलेले नाही व सेवेमुळे वाढलेलेही नाही’ असा त्याचा अर्थ. बहुतेक कुटुंबे ते पत्र कपाटात ठेवून देतात. सभासदांना आम्ही एवढेच सांगू इच्छितो, की हे पत्र म्हणजे शेवटचा निकाल नव्हे. मात्र त्या पत्राच्या तारखेपासून मुदत मोजली जाते.

प्रथम अपघात कोणत्या प्रकारात बसतो ते पाहावे. सरकारी ट्रक चालवताना किंवा ड्युटीवर त्यातून जाताना ब्रेक निकामी होऊन अपघात झाला असेल, तर बाजू भक्कम असते. रजेवर घरी जाताना किंवा परत येतानाचा प्रवासही विचारात घेतला जातो. रेल्वेतून उतरताना हात गमावलेल्या मदनसिंग शेखावत या जवानाला सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये पेन्शन मंजूर केली. पण पोळ्याच्या सुटीत घरी आलेला जवान खासगी कामासाठी मोटारसायकलवर निघाला आणि पडला, तर सेवेशी संबंध दाखवणे फार कठीण. 2011 च्या जुझारसिंग प्रकरणात वार्षिक रजेवरील स्कूटर अपघाताला न्यायालयाने पेन्शन नाकारली. केवळ ‘त्या वेळी तो सैन्यात होता’ एवढे कारण पुरत नाही.

गाडीत दोष होता, हा मुद्दा येथे दोन प्रकारे येतो. जवानाच्या गंभीर निष्काळजीपणामुळे अपघात झाला असे ठरल्यास पेन्शनला धक्का बसू शकतो. म्हणून कोर्ट ऑफ इन्क्वायरीचे कागद, इंज्युरी रिपोर्ट आणि गाडीच्या तांत्रिक तपासणीचा अहवाल मिळवावा. दुसरे असे, की दोषाबद्दलची नुकसानभरपाई हा वेगळा दावा आहे. खासगी गाडी बनवणाऱ्या कंपनीविरुद्ध 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली साधारणपणे 2 वर्षांत तक्रार करता येते. दुसऱ्या वाहनाची चूक असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जावे लागते. या दाव्याच्या निकालाची वाट पाहत पेन्शनचे अपील थांबवू नये.

अपिलाचा क्रम असा. पहिले अपील नकाराचे पत्र मिळाल्यापासून 6 महिन्यांत रेकॉर्ड ऑफिसमार्फत करावे. ते फेटाळले गेल्यास दुसरे अपील करता येते. त्यानंतर सशस्त्र सेना न्यायाधिकरण. 2007 च्या कायद्याने ते स्थापन झाले. अंतिम आदेशानंतर 6 महिन्यांत तेथे अर्ज करायचा असतो. उशीर झाल्यास कारण देऊन माफी मागता येते. दवाखाना असो की बाजार, आपली पावले नागपूरकडे वळतात. पण मध्य प्रदेशात राहणाऱ्या निवृत्त जवानासाठी न्यायाधिकरणाचे खंडपीठ जबलपूरला आहे. आपला जिल्हा 2023 मध्ये वेगळा झाला, तरी यात फरक पडलेला नाही.

अपिलात भावना कमी आणि कागद जास्त असावेत. मेडिकल बोर्डाची कार्यवाही हाती नसेल तर माहिती अधिकारात मागावी. 30 दिवसांत उत्तर अपेक्षित असते. आजाराचा प्रश्न असेल तर 2013 चा धरमवीरसिंग निकाल उपयोगी पडतो. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान तेव्हा निरोगी होता असे धरले जाते, आणि आजार सेवेमुळे झाला नाही हे सिद्ध करण्याचा भार सरकारवर येतो. 21 सप्टेंबर 2023 नंतर निवृत्त झालेल्यांना मात्र नवे नियम लागू आहेत.

आता हिशेब. जुन्या नियमांत 100 टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या 30 टक्के रक्कम मिळते आणि अपंगत्व किमान 20 टक्के असावे लागते. पगार 40,000 रुपये आणि अपंगत्व 30 टक्के धरले, तर महिना 3,600 रुपये होतात. पण 50 टक्क्यांखालील अपंगत्व 50 धरण्याची तरतूद आहे. 2014 च्या रामअवतार निकालाने ती सेवा पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही मिळाली. मग तेच 6,000 रुपये होतात. महिन्याला 2,400 रुपयांचा हा फरक आयुष्यभराचा आहे. मंजूर पेन्शनच्या कागदावरही हा आकडा तपासावा.

ज्यांचा नकार जुना आहे त्यांनीही आशा सोडू नये. पेन्शनचा हक्क दर महिन्याला नव्याने उभा राहतो, असे 2008 च्या तरसेमसिंग निकालात मानले आहे. मात्र थकबाकी साधारणपणे मागच्या 3 वर्षांचीच मिळते. म्हणजे उशिराने हक्क जात नाही, पैसा जातो.

वकिलाची फी परवडत नसेल, तर 1987 च्या विधिक सेवा प्राधिकरण कायद्यानुसार दिव्यांग व्यक्तीला मोफत कायदेशीर मदत मिळू शकते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही चौकशी करावी. कोणाच्या घरी असे पत्र पडून असेल तर आधी त्यावरील तारीख पाहावी, पाकिटासह त्याची झेरॉक्स काढावी, आणि मंडळातील माजी सैनिकांशी बोलून पुढचे पाऊल उचलावे.