डोळा दुसऱ्याच्या हातात

कंधारच्या बाजारात 'दुर्बिणीचं ऑपरेशन' म्हटलं, की जुन्या बायकांना आधी कुटुंब नियोजनाचं शिबिर आठवतं. 'टाक्याचं केलं का दुर्बिणीचं?' असं त्या एकमेकींना विचारत. ऐंशीच्या दशकात स्त्रियांच्या नसबंदीसाठी लॅपरोस्कोप तालुक्याच्या गावांपर्यंत पोचला, तेव्हाची ही भाषा. आता त्याच नावाखाली पित्ताशय, अपेंडिक्स, हर्निया, गर्भाशय असं बरंच काही येतं. लोह्यामार्गे नांदेड गाठणाऱ्या रुग्णाला एवढंच ठाऊक असतं, की पोट फाडणार नाहीत, भोकं पाडतील. त्या भोकातून आतलं दाखवणार कोण, हे तो विचारत नाही आणि त्याला कुणी सांगतही नाही.

सर्जनचे दोन्ही हात अवजारांत गुंतलेले असतात. स्कोप धरून उभा असतो तो बहुधा खोलीतला सर्वांत नवखा माणूस. कधी नवा रेसिडेंट, कधी इंटर्न. उघड्या शस्त्रक्रियेत याच नवख्याच्या हाती जखमेच्या कडा ओढून धरणारा रिट्रॅक्टर असे. हात भरून आला, पकड ढिली पडली, तर सर्जन ओरडे. पण जखमेत तो स्वतःच्या डोळ्यांनी बघत असे. दुर्बिणीने हे चित्र पालटलं. ज्याला सर्वांत कमी कळतं, त्याच्याच हाती सर्जनचा डोळा गेला.

काम दिसतं तितकं सोपं नाही. 12 ते 15 मिलिमीटर पारा इतक्या दाबाने कार्बन डायऑक्साइड भरून पोट फुगवतात आणि ट्रोकारच्या नळीतून स्कोप आत घालतात. अनेकदा त्याचं टोक 30 अंशांनी तिरकं असतं. कॅमेरा सरळ ठेवून फक्त लाइटची केबल फिरवली, की त्याच अवयवाची दुसरी बाजू दिसते. केबलऐवजी कॅमेराच फिरला, तर पडद्यावरचं यकृत कलंडतं आणि सर्जनची दिशा चुकते. भिंगावर वाफ धरली, तर स्कोप काढून गरम पाण्यात बुडवून पुसायचा. पोटाची भिंत टेकूसारखी असल्याने बाहेर हात उजवीकडे नेला, की आतलं टोक डावीकडे जातं. शिवाय पडदा सपाट, त्यामुळे खोलीचा अंदाज येत नाही. मेंदूला हे सगळं उलटं गणित नव्याने शिकावं लागतं. प्रश्न एवढाच, की कुणाच्या पोटावर?

तंत्राच्या पहिल्या लाटेत याचं उत्तर होतं, रुग्णाच्या. 1985 मध्ये जर्मनीत एरिख म्यूह यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. 1987 मध्ये फ्रान्सच्या लियाँमध्ये फिलिप मुरे यांनी. भारतात 1990 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमतन उडवाडिया यांनी ही शस्त्रक्रिया केली. निदानासाठी ते 1972 पासूनच पोटात दुर्बीण घालत होते, म्हणजे हाताला आणि डोळ्याला अठरा वर्षांची सवय होती. ती सवय नसलेले अनेक सर्जन जगभर दोन-तीन दिवसांच्या कार्यशाळा करून कामाला लागले आणि पित्तनलिकेला इजा होण्याचं प्रमाण वाढलं. 1992 मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्याला सांगावं लागलं, की निदान पंधरा शस्त्रक्रिया जाणत्याच्या देखरेखीखाली केल्याशिवाय स्वतंत्रपणे हात घालू नये.

मग पर्याय पुढे आला तो खोट्या पोटाचा. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात साध्या पेटीतले सराव तयार झाले. त्यांतूनच 2004 मध्ये अमेरिकन सर्जनांच्या संघटनेने एक प्रमाणित कसोटी आणली. तिचा पहिला धडा खेळासारखा आहे. सहा रबरी तुकडे डाव्या हाताच्या चिमट्याने उचलायचे, अधांतरी उजव्या चिमट्यात द्यायचे, पलीकडच्या खुंट्यांवर बसवायचे आणि तसेच परत आणायचे. सराव झालेल्याने हे 48 सेकंदांत करावं, अशी अपेक्षा.

हा खेळ रुग्णाच्या कामी येतो का? येल विद्यापीठातल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष 2002 मध्ये प्रसिद्ध झाले. सोळा रेसिडेंटपैकी निम्म्यांना आधी संगणकी सिम्युलेटरवर तयार केलं आणि मग सर्वांकडून खऱ्या पित्ताशयावर काम करून घेतलं. सराव केलेल्यांचं काम 29 टक्के लवकर झालं. सराव नसलेल्यांकडून पित्ताशयाला इजा होण्याची किंवा भलताच भाग जळण्याची शक्यता पाचपट होती. सोळा माणसांचा प्रयोग लहानच म्हणायचा; पण पोटात जाण्याआधीच्या सरावाला त्याने पुराव्याचा आधार दिला.

आपल्याकडे 2019 च्या नव्या एमबीबीएस अभ्यासक्रमाने प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात स्किल लॅब सक्तीची केली. 1988 मध्ये सुरू झालेलं नांदेडचं शासकीय महाविद्यालय असो की 2002 चं लातूरचं, नियम सगळ्यांना एकच. मात्र लाखोंचा सिम्युलेटर कुलपात राहिला, तर त्याचा उपयोग शून्य. उलट पुठ्ठ्याचं खोकं, दोन भोकं, आत बसवलेला मोबाइलचा कॅमेरा आणि जुनी झालेली लांब अवजारं एवढ्यावर हॉस्टेलच्या टेबलावर सराव जमतो. मित्राने कॅमेरा धरायचा, आपण एका झाकणातले तुरीचे दाणे दुसऱ्यात टाकायचे, मग जागा बदलायच्या. दाणा पडद्याच्या मधोमध राहिला का, चित्र आडवं झालं का, हे दोघांनाही लगेच कळतं.

खोक्यात रक्त येत नाही, भूल उतरण्याची घाई नसते, सर्जनचा आवाज चढत नाही. म्हणून ऑपरेशन थिएटरमधला धडा तिथेच पुरा होतो. खोकं फक्त पहिला अनाडीपणा झिजवून टाकतं.

आणि तो कुठे झिजावा, हा प्रश्न न्यायाचा आहे. शिकाऊ हात सरकारी रुग्णालयात अधिक असतात आणि तिथे येतो तो ज्याला दुसरीकडे जाणं परवडत नाही असा माणूस. कंधारची शेतमजूर बाई भुलेखाली असते, तेव्हा पडदा किती वेळा थरथरला हे तिला कधीच कळणार नाही. तुरीचे सांडलेले दाणे मात्र झाडून पुन्हा झाकणात भरता येतात.