तिकिटावरची बोट आणि तिजोरीची राखण

टेबलावर दोन टपाल तिकिटं ठेवलीयेत असं समजा. एक निळसर हिरवं, तीन सेंटचं, 10 नोव्हेंबर 1945 ला निघालेलं. दुसरं रंगीत, 2015 चं, ज्यावर किंमतच छापलेली नाही. दोन्ही अमेरिकेच्या कोस्ट गार्डच्या, म्हणजे तटरक्षक दलाच्या सन्मानार्थ काढलेली. पण शेजारी ठेवून बघाल, तर ती एकाच दलाची आहेत हे पटायला जरा वेळ लागतो.

जुन्या तिकिटावर एक मोठं जहाज आहे आणि त्याच्यापासून निघालेल्या दोन बोटी, सैनिकांना किनाऱ्यावर उतरवणाऱ्या. कुणी बुडत नाहीये, कुणी कुणाला वाचवत नाहीये. महायुद्ध नुकतंच संपलं होतं, आणि नॉर्मंडीपासून पॅसिफिकमधल्या बेटांपर्यंत अशा कितीतरी बोटी कोस्ट गार्डची पोरं चालवत होती. गंमत म्हणजे तेव्हा हे दल स्वतंत्र नव्हतंच. 1941 च्या नोव्हेंबरपासून 1945 संपेपर्यंत ते नौदलाच्या हाताखाली होतं. नौदलाचं तिकीट ऑक्टोबरमध्ये निघालेलं, तरी दोन आठवड्यांनी यांचं वेगळं निघालं. लग्नपत्रिकेत धाकट्या भावाचंही नाव स्वतंत्र ओळीत यावं, तसं.

आता 2015 चं तिकीट. विल्यम फिलिप्स या चित्रकाराच्या चित्रावरून केलेलं, आणि खरंच देखणं. शुभ्र शिडांचं ‘ईगल’ जहाज आणि सोबत डॉल्फिन जातीचं बचावाचं हेलिकॉप्टर. दलाच्या कॅडेट्सना समुद्राची सवय लागावी म्हणून आजही ‘ईगल’वर पाठवतात. पण ते बांधलं गेलं 1936 साली, हॅम्बुर्गमध्ये, हिटलरच्या नौदलासाठी. नाव होतं ‘होर्स्ट वेसेल’, एका नाझी कार्यकर्त्याचं. युद्धानंतर नुकसानभरपाईत ते अमेरिकेला मिळालं आणि नाव बदललं. तिकिटाच्या एवढ्याशा चौकटीत ही गोष्ट कुठून मावणार!

हे तिकीट निघालं ते गावही बघा: ग्रँड हेवन, मिशिगन. समुद्र तिथून शेकडो मैल लांब. पण लेक मिशिगनच्या काठावरच्या या गावात ‘एस्कनाबा’ नावाचं कोस्ट गार्डचं जहाज असायचं. 13 जून 1943 ला ते उत्तर अटलांटिकमध्ये बुडालं. जहाजावर 103 जण होते, वाचले दोघं. गाव अजून दरवर्षी त्यांची आठवण काढतं. तिकिटाचं प्रकाशन वॉशिंग्टनला न करता इथे केलं, हे मला तिकिटावरच्या चित्रापेक्षाही जास्त बोलकं वाटतं.

पण तारीख 4 ऑगस्टच का? कारण 1790 मध्ये त्याच दिवशी अलेक्झांडर हॅमिल्टनच्या योजनेला मंजुरी मिळाली (हो, म्युझिकलवालाच हॅमिल्टन). तो अर्थमंत्री होता. नव्या देशाची तिजोरी रिकामी, उत्पन्न बहुतेक सगळं जकातीचं, आणि चोरटा माल बिनबोभाट उतरत होता. म्हणून दहा छोटी गलबतं बांधायचं ठरलं. माणसं वाचवायला नव्हे, कर बुडू नये म्हणून! बुडणाऱ्यांना वाचवणारी संस्था वेगळीच होती. दोन्ही एकत्र झाल्या 1915 साली आणि ‘कोस्ट गार्ड’ हे नाव तेव्हा मिळालं. तिजोरी राखायला जन्मलेल्या याच दलाच्या लोकांना 2018-19 च्या सरकारी शटडाऊनमध्ये पगाराविना ड्युटी करावी लागली, हे तुमच्यापैकी काहींना आठवत असेल.

आता आपल्याकडे या. भारतीय तटरक्षक दलाचा जन्मही असाच, स्मगलिंगमधून. सत्तरच्या दशकात सोनं, घड्याळं, कापड होड्यांमधून किनाऱ्यावर उतरायचं. जुने हिंदी सिनेमे पाहिले असतील तर वेगळं सांगायला नको. 1974 मध्ये के. एफ. रुस्तमजी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. हे रुस्तमजी मूळचे नागपूरजवळच्या कामठीचे, आणि सीमा सुरक्षा दलाचे पहिले प्रमुख. थोडक्यात, समुद्र राखायचा सल्ला विदर्भाच्या माणसाने दिला! 1 फेब्रुवारी 1977 ला दल उभं राहिलं तेव्हा नौदलाकडून आलेल्या दोन जुन्या फ्रिगेट आणि पाच गस्ती बोटी, एवढाच संसार होता. त्या बोटींमधल्या दोघींची नावं ‘पनवेल’ आणि ‘पणजी’. स्वतंत्र कायदा ऑगस्ट 1978 चा.

त्याला तीस वर्षं होत असताना, 2008 च्या ऑगस्टमध्ये भारतीय टपाल खात्याने तटरक्षक दलावर तिकिटं काढली. पाच-पाच रुपयांची. सन्मानाची तिकिटं असतात तशीच, सगळं नीटनेटकं. पुढच्या तीन महिन्यांत ‘कुबेर’ नावाची मासेमारीची बोट अरबी समुद्रात पळवली गेली आणि तिच्यातून आलेली माणसं मुंबईत कुलाब्याला उतरली. फेब्रुवारी 2009 मध्ये किनाऱ्यालगतच्या, म्हणजे बारा सागरी मैलांपर्यंतच्या पाण्याच्या सुरक्षेची जबाबदारी तटरक्षक दलाकडे स्पष्टपणे सोपवली गेली. तोवर ती नौदल, सागरी पोलीस, कस्टम्स आणि हे दल यांच्यात वाटलेली होती.

2008 ची ती तिकिटं जुन्या तिकिटांच्या दुकानात अजून सापडतात. मिळालीच तर त्यांच्यावरचं साल एकदा बघा.