ओरिनोकोचं मूळ

१४९८ मध्ये कोलंबसची जहाजं दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याला लागली, तेव्हा खलाशांना खाऱ्या समुद्रात गोडं पाणी लागलं. एवढं पाणी ओतणारी नदी लहान नसणार, हे त्यांनी ओळखलं. ती होती ओरिनोको. तिच्या मुखापासून मुळापर्यंत जायला बाहेरच्या माणसांना त्यानंतर साडेचारशे वर्षं लागली.

अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट १८०० च्या मे महिन्यात एस्मेराल्दा या वस्तीपर्यंत पोचला आणि तिथून परतला. १८८६ मध्ये जाँ शाफांजोन या फ्रेंच प्रवाशाने मूळ सापडल्याचं जाहीर केलं. त्याच्या प्रवासावरून ज्यूल व्हर्नने कादंबरीही लिहिली. पण खरं मूळ तिथून बरंच पुढे होतं.

अशी चूक होणं स्वाभाविक आहे. वर जाताना दर संगमावर प्रश्न पडतो: यातली नदी कोणती आणि उपनदी कोणती? लांबी पाहिली तर एक फाटा मुख्य ठरतो, पाणी मोजलं तर कदाचित दुसरा. धबधब्यांपाशी होडी सोडावी लागते. जंगलाचं छत इतकं दाट, की खालून आकाश दिसत नाही आणि विमानातून ओहोळ दिसत नाही.

अखेर २७ नोव्हेंबर १९५१ रोजी मेजर फ्रान्झ रिस्केझ इरिबारेन यांच्या नेतृत्वाखालची फ्रेंच-व्हेनेझुएलन मोहीम ब्राझीलच्या सीमेवरच्या परिमा डोंगरांत उगमाशी पोचली. उंची भरली सुमारे १,०४७ मीटर. तिथून निघालेलं पाणी २,१०० किलोमीटरहून अधिक वाहून अटलांटिकला मिळतं.

नकाशावर ठिपका पडला. पण वर्षावनातला उगम ठिपक्यासारखा एका जागी बसत नाही. पाऊस पानांवरून, खोडांवरून उतरतो, पाचोळ्यात आणि मुळांच्या जाळीत मुरतो आणि उतारावर जागोजाग पाझरतो. जोराच्या पावसात ओहोळाचं टोक डोंगरात वर सरकतं, उघडीप मिळाली की खाली येतं. झाडं तोडली, की तेच पाणी माती घेऊन एका दमात निघून जातं. नदीचं मूळ म्हणजे हा सगळा ओला उतार, त्यावरच्या जंगलासकट.

खाली एस्मेराल्दाजवळ ही नदी आणखी एक नवल दाखवते. तिचं काही पाणी कासिकियारे नावाच्या ३०० किलोमीटरहून लांब फाट्याने दक्षिणेला वळतं आणि रिओ नेग्रोमार्गे ॲमेझॉनला जातं. दोन खोऱ्यांमधली जमीन तिथे जवळजवळ सपाट आहे. एक नदी दुसरीचं पाणी हळूहळू ओढून घेते आहे, असं भूशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे परिमात पडलेला पावसाचा थेंब कोणत्या नदीचा, हे तिथपर्यंत ठरलेलं नसतं.

१९५१ च्या त्या मोहिमेत लिऑन क्रोइझा हे वनस्पतिशास्त्रज्ञ होते. पृथ्वी आणि सजीव एकत्रच बदलत जातात, हा विचार त्यांनी पुढे आयुष्यभर मांडला. या खोऱ्यात त्याचा प्रत्यय पदोपदी येतो. वेगाने धावणाऱ्या ओहोळांतल्या दगडांना काळ्या माशीच्या अळ्या चिकटून वाढतात. हीच माशी माणसाला 'नदी-अंधत्व' देणारा कृमी पसरवते. अमेरिका खंडातून हा आजार जवळजवळ हटला. चिवटपणे उरला तो याच सीमेवरच्या यानोमामी लोकांत.

यानोमामी या मुळाशी पिढ्यानपिढ्या राहत आले आहेत. त्यांच्यासाठी ते कधी हरवलेलंच नव्हतं. व्हेनेझुएलाने १९९१ मध्ये हा प्रदेश संरक्षित केला. तरी बेकायदा सोनं काढणारे तिथे शिरतात. सोनं वेगळं करायला वापरलेला पारा ओहोळात उतरतो, ओहोळातून माशात आणि माशातून माणसात.

नदीचं मूळ शोधू नये, असं आपल्याकडे म्हणतात. ओरिनोकोचं मूळ शोधलं गेलं, हे बरंच झालं. आता तो ओला उतार ओला राहील, एवढं सांभाळायचं आहे. ते काम यानोमामींना त्यांच्या जंगलातून हुसकून होणार नाही.