जुना कूलर घेताना...

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आपण कौतुकानं म्हणतो. पण एप्रिल-मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांच्या पुढे सरकला की हीच परभणी भट्टीसारखी तापते. पत्र्याच्या घरातल्या तान्ह्या बाळाचे, म्हाताऱ्या माणसांचे हाल बघवत नाहीत. ए.सी. सगळ्यांना कुठून परवडणार? मग जुन्या कूलरची शोधाशोध सुरू होते. बचत गटातल्या बायका विचारतात, “ताई, जुना घ्यावा का?” घ्यावा की! पण पारखून.

मैत्रिणींनो, खरेदी उन्हाळ्याच्या तोंडावर करू नका. दिवाळीनंतर थंडीत कूलर कुणाला नको असतो, तेव्हा घासाघीस करता येते. पत्र्याचा कूलर असेल तर आधी टाकीचा तळ बघा. वरून रंग चकचकीत आणि आतून गंज, असं पुष्कळदा असतं. पाणी भरून अर्धा तास ठेवा, गळती लगेच कळते. पंखा नुसता घूं घूं करतो पण फिरत नाही, तर बहुधा कंडेन्सर गेलेला असतो. तो खर्च थोडका. मोटारीला जळका वास येत असेल तर मात्र तो कूलर नकोच.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे शॉक. लोखंडी बॉडी, आत पाणी, जुनी वायर, खाली ओली फरशी आणि हातात घागर घेतलेली अनवाणी बाई! घरोघरी कूलरमध्ये पाणी भरणार कोण? आपणच, नाही तर मुलं. म्हणून जुना कूलर घरी आणला की आधी वायरमनला बोलवा. वायर बदलून घ्या, तीन पिनांचाच प्लग लावा आणि घराचं अर्थिंग नीट आहे ना, ते तपासून घ्या. साधा फ्यूज माणसाला वाचवत नाही. माणसाचा जीव जायला लागणारी वीज त्याच्या मानानं फार थोडी असते. मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. बसवला तर वीज गळताच तो पुरवठा तोडतो. आणि घरात नियमच करा, नुसतं बटण बंद करून भागणार नाही, प्लग काढल्याशिवाय पाणी भरायचं नाही.

बोअरच्या जड पाण्यानं ताट्यांवर क्षार साचतात, मग हवा आत येत नाही. दर उन्हाळ्याला गवत किंवा वाळा बदला. खिडकी थोडी उघडी ठेवा. कोंडलेल्या खोलीत दमट हवा साठते आणि गारवा जातो. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून ब्रशनं घासा. डेंग्यूच्या डासाची अंडी टाकीच्या कडेला चिकटून राहतात, नुसतं पाणी ओतून दिल्यानं जात नाहीत. ओतलेलं पाणी वाया घालवू नका, फरशी पुसायला वापरा.

पाऊस लागला की ताट्या काढून, टाकी कोरडी करून कूलर झाकून ठेवा. असा सांभाळलेला जुना कूलरही बरेच उन्हाळे काढतो. आजच शेजारणीला विचारा, “बाई, तुमच्या कूलरला अर्थिंग आहे का?” एवढ्या एका प्रश्नानं कुणाचं तरी लेकरू वाचेल.