जिवाला बरे वाटणारा घास

दिवसभराच्या दगदगीनंतर किंवा मन खचलेले असताना काय खावेसे वाटते, असे दहा जणांना विचारले तर दहा उत्तरे मिळतील. पुण्यातील एखाद्याला मऊ भात, मेतकूट आणि तूप आठवेल. सिंधुदुर्गातल्या किंवा गोव्यातल्या माणसाला उकड्या तांदळाची पेज आणि लोणच्याची फोड हवी असेल. खानदेशातला माणूस कळण्याची भाकरी व ठेचा सांगेल, तर विदर्भातला गोळाभात. तमिळ शेजारी दहीभाताचे नाव घेईल आणि बंगाली सहकारी खिचुडीचे. इंग्रजीत अशा पदार्थांना 'कम्फर्ट फूड' म्हणतात. आपण साधेपणाने 'जिवाला बरे वाटले' एवढेच म्हणतो.

हे बरे वाटणे नेमके येते कोठून? त्याचे एक कारण वासात आहे. इतर संवेदना मेंदूतील थॅलॅमस या केंद्रातून पुढे जातात. वासाचा संदेश मात्र तो टप्पा टाळून भावना आणि स्मरणाशी निगडित भागांपर्यंत थेट पोहोचतो. म्हणूनच हिंगाच्या फोडणीचा वास येताच वीस वर्षांपूर्वीचे स्वयंपाकघर डोळ्यांपुढे उभे राहते.

तथापि, केवळ पदार्थात काही जादू असते असे मानण्याचे कारण नाही. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांनी २०१४मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सहभागी व्यक्तींना मन उदास करणारी चित्रफीत दाखवली. त्यानंतर काहींना त्यांचा आवडता दिलासादायक पदार्थ दिला, काहींना दुसरे खाणे दिले, तर काहींना काहीच दिले नाही. थोड्या वेळाने सर्वांचीच मनःस्थिती जवळपास सारखीच सुधारली होती. उदासीवर उतारा म्हणून वेफर्सचे पाकीट फोडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

मग आधार मिळतो तो कशाचा? बफेलो येथील विद्यापीठातील जॉर्डन ट्रॉयसी आणि शिरा गॅब्रिएल यांच्या २०११मधील अभ्यासातून त्याचा अंदाज येतो. चिकन सूप ज्यांच्या लेखी जिव्हाळ्याचा पदार्थ होता, त्यांच्या मनात ते प्यायल्यावर नात्यांशी संबंधित शब्द अधिक सहजपणे आले. इतरांच्या बाबतीत तसे घडले नाही. थोडक्यात, घास तोच असला तरी त्यामागे कोणाचा तरी हात असावा लागतो.

आपल्या समाजाला हे पूर्वीपासून ठाऊक आहे. घरात मृत्यू झाला की त्या दिवशी चूल पेटत नाही. अनेक ठिकाणी शेजारचे किंवा नात्यातले कोणीतरी पिठले-भात घेऊन येते आणि 'दोन घास खा' म्हणत समोर बसते. त्या पिठल्याची चव कोणी पाहत नाही, पण ते कोणी आणले होते हे वर्षानुवर्षे लक्षात राहते.

शहरांमध्ये हा प्रश्न आज अधिक गंभीर झाला आहे. मुले परगावी वा परदेशी असल्याने अनेक ज्येष्ठ नागरिक एकटेच राहतात. त्यांना डबा वेळेवर मिळतो, पण तो अर्धाच संपतो. एकट्याने जेवताना माणूस कमी खातो आणि सोबत असली की जास्त, हे आहारविषयक अभ्यासांतून वारंवार दिसून आले आहे. शिवाय वयानुसार घ्राणशक्ती मंदावते. 'पूर्वीसारखी चव राहिली नाही' ही वडीलधाऱ्यांची तक्रार दर वेळी स्वयंपाक करणाऱ्याविरुद्ध असतेच असे नाही.

अर्थात मधुमेह वा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांना आवडीचे सारेच खाता येणार नाही. परंतु तो पदार्थ कायमचा बंद करण्याआधी किती प्रमाणात आणि कशा रीतीने चालेल, हे डॉक्टरांना विचारता येते. त्याहून सोपी गोष्ट म्हणजे आई-वडिलांना 'जेवलात का?' एवढेच न विचारता 'काय खावेसे वाटते?' असेही विचारावे. उत्तर बहुधा साधेच असेल, मऊ भात किंवा पेज. ती करायला फार वेळ लागत नाही. वेळ काढावा लागतो तो ती खाऊन होईपर्यंत शेजारी बसण्यासाठी.